आतून कडी लागणारी खोली

पत्र

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत क्लार्क आहे. आम्ही एकूण २२ जण, त्यात बायका चार. माझं पहिलंच बाळंतपण. २६ आठवड्यांची रजा संपवून महिन्यापूर्वी कामावर आले. मुलगी साडेसहा महिन्यांची आहे, सासूबाई सांभाळतात. घर १४ किलोमीटरवर, येऊन-जाऊन एसटी. सकाळी नऊला निघते ती पावणेसातला घरात.

दुपारपर्यंत छाती दगडासारखी होते. बाथरूममध्ये उभ्याने हातपंपाने दूध काढते, तोवर बाहेरून कोणीतरी दार वाजवतंच. मॅनेजर म्हणाले, "सहा महिने भरपगारी दिले की, आता आणखी काय?" काउंटरवरचे दोघं 'मॅडमचा ब्रेक' म्हणून हसतात. घरी होते तेव्हा एका वेळेला वाटीभर दूध निघायचं, आता जेमतेम तळ झाकतो. जे निघतं ते घरी नेलं तर सासूबाई म्हणतात, वास येतो, वर तेलासारखा थर धरतो, शिळं आहे, पोरीला बाधेल. मोरीत ओतून टाकतात. त्यांचं म्हणणं, तुझं दूध आटलंय, पावडरचं सुरू कर. मागच्या आठवड्यात एका बाजूला गाठ झाली होती, अंगही गरम होतं. मिस्टर सकाळी गाडीवरून स्टँडवर सोडतात. कधी वाटतं राजीनामा देऊन मोकळं व्हावं, पण घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. काय करू?

— एक आई

उत्तर

तू माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते आहे, राग मानू नकोस.

गाठीचं आधी, कारण ते थांबणारं नाही. दूध साचून गाठ झाली तरी त्या बाजूला पाजणं थांबवायचं नाही. जोरजोरात चोळायचं नाही, गार पाण्याची घडी ठेवायची. दिवसभरात उतार पडला नाही, कातडी लाल झाली किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टर. शनिवारची वाट बघायची नाही.

आता तुझ्या पत्रातली दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवते. 'बाथरूममध्ये उभ्याने काढते, तोवर बाहेरून कोणीतरी दार वाजवतंच.' आणि 'आता जेमतेम तळ झाकतो.' तू ही दोन वाक्यं लांब-लांब लिहिलीस, मध्ये मॅनेजरसाहेब आले, काउंटरवरचे आले. मला वाटतं दुसऱ्या वाक्याचं कारण पहिल्या वाक्यात आहे. तुझं दूध आटलेलं नाही. पान्हा फुटत नाहीये.

आपल्या भाषेत दूध वेगळं आणि पान्हा वेगळा, ते उगाच नाही. दूध तयार होणं ही एक गोष्ट, ते मोकळं होऊन बाहेर येणं ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक लागतं, आणि ते भारी भित्रं आहे. पोरीचा आवाज, तिच्या दुपट्याचा वास, नुसती आठवण एवढ्याने ते धावत येतं. पण घाई झाली, लाज वाटली, कोणी दार ठोठावलं की जागीच अडतं. गोठ्यात बघितलं असशील, धारेला अनोळखी माणूस बसला की गाय पान्हा चोरते. म्हणून गाय आटली असं कोणी म्हणत नाही.

माझं सांगते. माझा मुलगा १९८४ चा. तेव्हा रजा ९० दिवसांची, म्हणजे तीन महिन्यांचं पोर शेजारणीकडे टाकून मी एका सरकारी कचेरीत हजर. पंप-बिंप आमच्या गावात कोणी पाहिलेला नव्हता. जिन्याखाली जुन्या फायलींची एक अंधारी खोली होती, तिच्या दाराला कडी नव्हती. तिथे बसून पेल्यात हाताने दूध काढायचं आणि कोपऱ्यातल्या बेसिनात ओतून द्यायचं, एवढाच कार्यक्रम. पहिले आठ दिवस काही येईना. सगळं लक्ष दाराकडे. मग आमच्या शिपाई मावशी, त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, एक दिवस येऊन दाराला बाहेरून पाठ लावून उभ्या राहिल्या. हातात अडकित्ता. सुपारी कातरत उभ्या. कोणी साहेब आला तरी हलायच्या नाहीत, म्हणायच्या, "आत झाडलोट चाललीया." पुढे-पुढे असं झालं की अडकित्त्याचा कट् कट् आवाज कानावर आला की माझं दूध आपोआप सुरू व्हायचं. खोटं वाटेल, पण शरीर असंच शिकतं.

तुला अडकित्तेवाल्या मावशी मिळतील न मिळतील. कडी मात्र मिळू शकते. माझा सगळा सल्ला त्या कडीभोवतीच आहे: आतून बंद होणारं दार, आणि जेवणाची सुट्टी सोडून रोजची चाळीस मिनिटं.

ही चाळीस मिनिटं मॅनेजरसाहेबांच्या खिशातली नाहीत. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, ती तू घेतलीस. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. पण त्यातलं एक कलम रजा संपल्यावर सुरू होतं आणि ते जुन्यात होतं तसंच नव्यातही आहे. कामावर परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी वेळ द्यायचा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना हे लागू आहे, तुम्ही तर २२. पाळणाघराची सक्ती ५० माणसांपासून पुढे, त्यामुळे ते मागू नकोस, हातचा मुद्दा कमजोर होईल. तुझी मुलगी साडेसहा महिन्यांची, म्हणजे अजून साडेआठ महिने हा हक्क तुझा आहे. "सहा महिने भरपगारी दिले की" याचं उत्तर एवढंच: ती रजा झाली साहेब, हे कामावर आल्यानंतरचं कलम आहे.

एक पाचर मात्र आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. कलमातले शब्द 'मुलाला पाजण्यासाठी' असे आहेत. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे कारखान्याच्या आवारातलं पाळणाघर असावं. चौदा किलोमीटरवरच्या पोरीसाठी पंपाने दूध काढणारी बाई त्यात दिसत नाही, आणि खोली कशी असावी हेही त्या कलमात नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्यात 'न्हाणीघर सोडून दुसरी जागा' असं सरळ शब्दांत लिहून टाकलं आहे. आपल्याकडे तेवढी एक ओळ हवी होती. तर कोणी शब्दावर बोट ठेवलंच, तर शांतपणे म्हणायचं, "बरं, मग मी रोज दोनदा घरी जाऊन पाजून येते. एसटीने एका खेपेला दोन तास धरा." वीस मिनिटं लगेच स्वस्त वाटायला लागतील.

एसटीवरून आठवलं. बऱ्याच स्टँडांवर हिरकणी कक्ष असतो, तुझ्या वाटेवर आहे का ते बघून ठेव, गाडी चुकली की उपयोगी पडेल. पण त्या हिरकणीची आख्यायिका एकदा नीट आठव. कोजागरीची रात्र, रायगडाचे दरवाजे बंद, तान्हं पोर खाली वाडीत, आणि ही गवळण अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा मान केला आणि ती उतरली तिथे बुरूज बांधला. म्हणजे कौतुकही झालं आणि तेवढी वाटही बुजली! पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या गवळणीला उशीर झाला असेल तर तिने काय केलं असेल, हा प्रश्न मला शाळेत पडला होता. बाईंनी खाली बसवलं. तू रोज दोनदा कडा उतरते आहेस. कोणी शाबासकी द्यायच्या आत दरवाजा उघडून घे.

दरवाजा उघडतो तो कागदाने. तोंडी बोलणं तोंडीच उडवलं जातं. असं लिही:

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: स्तनपानासाठी वेळ व जागा मिळणेबाबत. महोदय, मी प्रसूती रजेवरून दि. … रोजी हजर झाले आहे. माझी मुलगी १५ महिन्यांची होईपर्यंत, म्हणजे दि. … पर्यंत, कायद्यानुसार जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त मिळणारी दोन वेळची सवलत मी रोज दुपारी १२ आणि ३.३० वाजता, प्रत्येकी २० मिनिटे घेणार आहे. त्या वेळेत रेकॉर्ड रूम वापरण्यास मिळावी व तिच्या दाराला आतून कडी बसवून मिळावी. त्या काळात माझे काउंटर … पाहतील, तसे त्यांच्याशी बोलले आहे. आपली विश्वासू."

कलम वेळ किती मिनिटांचा ते सांगत नाही, ते नियमांवर सोडतं, म्हणून वीस मिनिटं तूच मांड. पंप लावणं, काढणं, झाकण लावणं यात तेवढी जातातच. 'कृपा करून', 'मेहेरबानी' हे शब्द मी मुद्दाम घातले नाहीत, तूही घालू नकोस. साडेतीनची वेळ लिहिली कारण चारनंतर पिग्मीवाले भरणा घेऊन येतात आणि तेव्हा तू जागेवर नसलीस तर बोंब होईल. तुमच्याकडे गर्दी वेगळ्या वेळी असेल तर बदल. अर्जाच्या दोन प्रती कर आणि दुसरीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नकोस. आवक रजिस्टरात चढलेला कागद हरवत नाही, हे तुला मी काय सांगायचं.

आठ दिवसांत हललं नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात जाण्याआधी घरातलंच एक दार वाजवून बघ. सहकार कायद्याप्रमाणे तुमच्या संचालक मंडळात दोन जागा बायकांच्या असणार. नुसत्या सहीपुरत्या आल्या असतील असं धरून चालू नकोस. त्यांच्यापैकी एकीच्या घरी रविवारी चहाला जा. तिलाही मुलं असतील, आणि तिलाही कधीतरी कुठेतरी कडी नसलेलं दार आठवत असेल.

रेकॉर्ड रूम का, ते सांगते. पतसंस्थेत तुला आधी सुचेल ती सोनेतारणाची केबिन: पडदा आहे, दार आहे, सोनार काही रोज येत नाही. तिकडे फिरकू नकोस. जिथे सोनं तोलतात तिथे कॅमेरा असतोच. जुन्या खतावण्या आणि व्हाउचरचे गठ्ठे ठेवतात तिथे बहुधा नसतो, पण तिथेही छताचे चारही कोपरे आणि दाराच्या वरची जागा स्वतः बघ, आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन कोणाच्या टेबलावर आहे तोही बघून ठेव. एक खुर्ची, हात टेकायला एखादा गठ्ठा, मोबाइलमध्ये पोरीचा हसतानाचा व्हिडिओ. बसून, पाठ टेकून. उभ्याने आता एकदाही नाही.

दूध वाढायला अळिवाचे लाडू खा, डिंकाचे खा, चवीला छान असतात आणि तुला ताकदही हवी. पण दूध वाढतं ते उपसल्याने. विहिरीसारखं आहे, उपसली तर झरे मोकळे राहतात, भरून ठेवली तर शरीर समजतं की गिऱ्हाईक नाही. म्हणून निघताना पाज, आल्या-आल्या पाज, रात्री ती मागेल तितकं पाज. रात्री दूध बनवणारं संप्रेरक जोरात असतं. रविवारी पंप बाजूला ठेव आणि दिवसभर तिलाच घेऊन लोळ. पंप बिघडला तर हात आहेत: काळ्या वर्तुळाच्या थोडं मागे अंगठा आणि बोटं इंग्रजी सी सारखी धरायची, आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायचं. ओढायचं नाही. दोन दिवसांत जमतं.

दहा तासांत पोरीला किती लागतं? या वयाला तासाला साधारण ३० मिली धर, म्हणजे ३०० मिलीच्या आसपास. आता ती नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात खायला लागली असेल, तर त्याहून थोडं कमीही चालेल. दुपारच्या दोन बैठका आणि पहाटे पाजल्यावर दुसऱ्या बाजूचं थोडं काढून ठेवलंस की हिशेब जुळतो. आज काढलेलं उद्या तिला. ऑफिसात फ्रिज नसेल तर बर्फाच्या पॅकची डब्याची पिशवी घे. गोठवलेले पॅक भोवती असतील तर त्यात दूध २४ तास चांगलं राहतं, तुला संध्याकाळपर्यंतच न्यायचं आहे. घरी फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, तिथे चार दिवस. बाहेर ठेवायची मुदत पुस्तकात चार तास लिहिलेली असते, पण ती २५ अंशांच्या खोलीची. आपल्या एप्रिलला ती लागू नाही. डब्यावर तारीख आणि वेळ लिहायची. पाजताना वाटी कोमट पाण्यात ठेवून गरम करायची, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. तोंड लावून उरलेलं दोन तासांनंतर ठेवायचं नाही.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावायच्या आधी त्यांच्या जागेवरून बघ. त्यांना दूध माहीत आहे ते गाई-म्हशीचं: तापवलं नाही की नासलं. तुझं न तापवलेलं दूध चार दिवस टिकतं हे त्यांना कोणी सांगितलंय? वर येतो तो थर स्निग्धांशाचा, आपल्या भाषेत सायच. डबा अलगद गोल फिरवला की मिसळतो. वास साबणासारखा येत असेल तर तो लायपेज नावाच्या विकराचा, काही बायकांच्या दुधात ते जास्त असतं आणि त्याने काही बाधत नाही. आंबूस, नासका वास वेगळा, तो आला तर त्यांनी ओतलं ते बरोबरच. हे सगळं तू सांगू नकोस, तुझं ऐकून घेणार नाहीत. मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेशील तेव्हा सासूबाईंना बरोबर ने आणि प्रश्न त्यांनाच विचारू दे.

आणि त्यांच्याकडे एक गोष्ट माग. माळ्यावर जुनं बोंडलं असेल, ते काढून घासून, उकळून द्यायला सांग आणि म्हण, "आई, बाटली नको वाटते, बोंडल्याने पाजायचं तुम्हालाच जमतं." हे खोटं नाही. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं साफ ठेवायला सोपं, फक्त त्याची चोच आतून नीट धुवायची. दहा तास पोर त्यांच्या मांडीवर असतं, तुझ्या या दुधाच्या अर्ध्या मालकीण त्या आहेत. एकदा मात्र, भांडण नसताना, त्यांना सांगच, की तुम्ही ओतलंत तेव्हा मी मोरीपाशी उभी होते. एवढंच. पुढचं वाक्य जोडू नकोस.

तुझ्या पत्रात नवऱ्याला एकच वाक्य मिळालंय, त्यात तो गाडी चालवतो. रात्री पंपाचे भाग धुणं, उकळणं, बर्फाचे पॅक फ्रीजरला लावणं आणि सकाळी पिशवीत भरणं, हे उद्यापासून त्याचं खातं. आईशी बोलणंही पहिल्यांदा त्याने.

काउंटरवरच्या दोघांवर शाई खर्च करत नाही. ते दिवसातून किती वेळा टपरीवर जातात ते एक आठवडा मनात मोजून ठेव, कधीतरी कामाला येईल.

एवढं करूनही दूध कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून पावडरचं दूध जोडीला दे, डब्यावर लिहिलेल्या मापानेच, पुरवठ्याला येईल म्हणून पाणी वाढवू नकोस. रात्री आणि सकाळी तुझं, दुपारी थोडं डब्याचं, अशी कितीतरी मुलं ठणठणीत वाढली आहेत. माझा तर पेला रोज बेसिनात रिकामा व्हायचा. तो मुलगा आज चाळिशी पार करून मला ब्लडप्रेशरवर व्याख्यानं देतो.

राजीनाम्याचा कागद तूर्त लिहू नकोस. आधी अर्जाचा लिही. आणि रेकॉर्ड रूमच्या कडीसाठी संचालक मंडळाची सभा कधी भरते याची वाट बघत बसू नकोस. हार्डवेअरच्या दुकानात साधी लोखंडी कडी मिळते, चार स्क्रू लागतात. जेवणाच्या सुट्टीत आण, शिपायाकडून बसवून घे. बिल मात्र पक्कं घे, पतसंस्थेच्या नावाने, आणि किरकोळ खर्चाच्या व्हाउचरला लावून मॅनेजरसाहेबांच्या सहीला ठेव.